सव्वा रुपया

आईच्या देव्हाऱ्याचा खालचा खण मी कधीच उघडला नव्हता. वाती, कापूर, जुन्या पंचांगांची चळत, कोणी कोणी आणून दिलेल्या अंगाऱ्याच्या पुड्या असं सगळं त्यात असायचं, आणि तो खण तिचा होता. २०१९ च्या आषाढात ती गेली. तेरावं झालं, पाहुणे परतले, आणि एका दुपारी बायको म्हणाली, देव उजळायला घेऊ या. चिंचेने ताम्हन घासता घासता तिने तो खण ओढला, मागच्या कोपऱ्यातून एक गाठ काढली आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवली.

लिंबाएवढी असेल. हळदीत बुडवून वाळवलेलं फडकं, वर दोऱ्याचे तीन वेढे. नखाने सुटेना म्हणून दाभण घालून सोडवली. आत चिमूटभर अक्षता, किडीने पोखरून बोंडासारखी हलकी झालेली एक सुपारी, एक रुपयाचं जुनं मोठं नाणं आणि एक चार आणे. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून कायमचं बाद झालं. आईने ते त्याच्याही पंचवीस वर्षं आधी बांधलं होतं, १९८६ च्या श्रावणात, माझ्या धाकट्या भावासाठी.

मला त्या गाठीची गोष्ट ठाऊक होती. आईनेच ती वर्षभरापूर्वी सांगितली होती. गाठ अजून घरात आहे, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं.

धाकटा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या, माणसं सहा, पावसाळाभर भिंतींना ओल. त्याचा घसा सारखा धरायचा. हळद-मिठाच्या गुळण्या, गरम पाणी, दोन दिवस शाळा बुडवणं, की झाला बरा. पाचवीत असताना असाच एकदा बरा झाला आणि पंधरा-वीस दिवसांनी त्याचा गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा सुजला, मग मनगट. वाढीचं वय आहे, हाडं दुखणारच, असं सगळे म्हणाले. सातवीत तो जिना चढताना मधल्या कठड्यापाशी थांबायला लागला. मला वाटायचं, खाली गल्लीतलं क्रिकेट बघतोय.

त्या आजाराला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. घशात शिरलेल्या जंतूंशी लढायला शरीर जी फौज उभी करतं, ती कधी कधी स्वतःच्याच हृदयाच्या झडपांना शत्रू समजून बसते. हा आजार सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर मंडळी म्हणतात. दाटीवाटीची ओलसर घरं आणि घसा दुखतो तेव्हा न घेतलेलं साधं पेनिसिलीन, एवढंच त्याला पुरतं. झडपेवर एकदा वण पडले की दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. धाकटा ते इंजेक्शन घेऊन लंगडत घरी यायचा आणि पालथा पडून राहायचा. आक्रसलेली झडप छाती न उघडता, आत फुगा घालून मोकळी करायची पद्धत एका जपानी शल्यचिकित्सकाने १९८४ मध्ये जगापुढे मांडली होती. आमच्यापर्यंत ती पोचायला अजून वेळ होता. धाकट्याला तेवढा वेळ नव्हता.

श्रावणात त्याचे पाय सुजले तेव्हा आईने गावच्या सातेरी देवीला नवस बोलला. पोरगा स्वतःच्या पायांनी तुझी पायरी चढला तर तुझी ओटी भरेन. सव्वा रुपया, सुपारी, अक्षता, हळदीचं फडकं. गाठ मारली आणि देव्हाऱ्यात ठेवली. चार दिवसांनी गावाहून कार्ड आलं. बाबांचे एक चुलतभाऊ वारले होते. कार्डावरची तारीख पाहून आईने बोटं मोजली आणि तिच्या लक्षात आलं की आपण गाठ मारली त्या दिवशी घराला सुतक होतं.

कोजागरीच्या आदल्या दिवशी धाकटा गेला. चौदा वर्षांचा होता.

आईने हे कोणालाच सांगितलं नाही. बाबा २००४ मध्ये गेले, त्यांनाही माहीत नव्हतं. मला सांगितलं २०१८ मध्ये, एका तिन्हीसांजेला, दिवा लावून झाल्यावर, जणू भाजीत मीठ जास्त पडलं असं सांगावं इतक्या साध्या आवाजात. "माझाच चुकला रे. सुतकात गाठ मारलंय मी. ती देवीक कशी पोचतली?"

मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. तिचा हात हातात घेऊन म्हटलं, आई, सुतक-बितक काही नसतं, त्याच्या झडपा खराब झाल्या होत्या. तिने मान डोलावली. झडपांचं तिला माझ्याआधी कळलं होतं. रिपोर्टांची पिशवी तीच सांभाळायची. पण झडपा का खराब झाल्या, आणि शेजारच्या मुलाच्या न होता तिच्याच मुलाच्या का, हा तिचा प्रश्न होता, आणि त्यावर तिच्यापाशी उत्तर होतं. माझ्यापाशी नव्हतं.

माणसाने केलेली देवाची कल्पना सदोष असते का, या प्रश्नावर लोक ग्रंथ उघडून बसतात. माझ्यापुढे हा प्रश्न सुपारीला लागलेल्या किडीच्या रूपात आला. तेहतीस वर्षं एक बाई रोज सकाळ-संध्याकाळ ज्या देवीपुढे हात जोडते, तिच्याबद्दल मनात धरून असते की एका पोस्टकार्डाच्या तारखेवरून तिने माझं पोर परत केलं नाही. आई प्रेमळ होती. चाळीतल्या कोणाच्याही पोराला ताप आला तर रात्र जागवणारी. अशा बाईच्या मनात देवी इतकी कठोर कशी झाली?

आमच्या गावच्या देवळात सातेरी म्हणजे वारूळ आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी अशीच पुजतात. लहानपणी एका मे महिन्यात गुरव देवीला साडी नेसवत असताना मी आत डोकावलो होतो. मुखवटा बाजूला पाटावर ठेवलेला, नाकात नथ, मोठाले डोळे. आणि गाभाऱ्यात नुसती लाल मातीची उंच रास, घडीघडीची, ठिकठिकाणी भोकं असलेली. कोणी घडवलेली नाही. जमिनीतून आपसूक वर आलेली. मी घाबरलो होतो, कारण तिला तोंड नव्हतं. गुरवाने मुखवटा चढवला, साडीच्या चुण्या सारख्या केल्या, आणि देवी पुन्हा ओळखीची झाली. आज विचार करतो तर वाटतं, माती तिची होती आणि तोंड आमचं होतं. त्या तोंडावर राग, लोभ, मान, अपमान असं जे काही उमटत होतं ते आम्हीच आमच्या ओळखीच्या माणसांकडून आणलेलं होतं.

कोणाकडून आणलं, तेही सांगता येतं. आमच्या भागात देवाला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं हा शब्दच कचेरीतला, वाड्यावरचा. उभं राहून, हात जोडून, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करायची, आणि भोवतीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. माझे आजोबा खोताच्या, म्हणजे गावच्या वतनदार जमीनदाराच्या, ओटीखाली असेच उभे राहत. ओटीवर चढायचं नाही, आधी बोलायचं नाही, मान चुकवायचा नाही, सणाला भेट पोचली नाही तर वर्षभर त्याची नाराजी सोसायची. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. देवाच्या अंगावर चढवलेली खोती मात्र उतरवायची राहून गेली. पोट ज्याच्या मर्जीवर असतं त्याच्यासारखाच देव माणसाला दिसतो, आणि ती भीती पोरीच्या जन्मात हुंड्याबरोबर सासरी येते, सासरहून एसटीने ठाण्याला येते आणि चाळीतल्या देव्हाऱ्याच्या खालच्या खणात जाऊन बसते.

धाकटा गेला तेव्हा शेजारच्या आजी आमच्याकडे येऊन बसल्या होत्या. त्या इस्राएल. आमच्या ठाण्यात बेने इस्रायल या ज्यू लोकांना सगळे असंच म्हणत. कोकणातलेच, गावावरून पडलेलं 'कर' आडनाव, तोंडात आमच्याहून शुद्ध मराठी. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. टेंभी नाक्यावरचं त्यांचं प्रार्थनामंदिर १८७९ चं, शार हशामाईम, म्हणजे स्वर्गाचा दरवाजा. आजींच्या दाराच्या चौकटीला एक बोटभर डबी तिरकी ठोकलेली असे. जाता-येता तिला हात लावून त्या बोटं ओठांना लावायच्या. त्यांच्याकडे मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा विधी, असला की खोबरं घातलेले गोड पोहे आमच्याकडे यायचे, आणि धाकटा ताटलीसाठी दारातच उभा असायचा.

धाकट्याने एकदा त्यांना विचारलं होतं, आजी, तुमच्या देवाचं नाव काय? त्या म्हणाल्या, नाव आहे, चार अक्षरांचं, पण ते उच्चारायचं नसतं. तो म्हणाला, मग हाक कशी मारता? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अदोनाय म्हणतो. म्हणजे माझा धनी. नाव घ्यायला ते माझ्या तोंडात मावायला हवं ना." मी बाजूला अभ्यास करत होतो. ते वाक्य माझ्या कानावरून गेलं आणि कुठेतरी राहिलं. देवाचं नाव असलेला कागद जीर्ण झाला तरी ते लोक टाकत नाहीत, जपून ठेवतात आणि मग माणसाला पुरावं तसा पुरतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

धाकटा गेल्यावर आजी सात दिवस रोज आल्या. आईजवळ जमिनीवर बसायच्या, काही बोलायच्या नाहीत. इतर येणाऱ्या बायका खूप बोलायच्या. कोणी म्हणे, देवाला आवडतो तोच लवकर जातो. कोणी म्हणे, कुळाचाराचं काही राहिलं असेल, बघून घ्या. कोणी गेल्या जन्माचा हिशेब काढला. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकायची. त्यांना कोणालाच कार्डाचं माहीत नव्हतं, पण प्रत्येकीचा शब्द नेमका तिथेच जाऊन लागत असणार, हे मला आता कळतं.

आठव्या दिवशी त्या बायका गेल्यावर आजींनी आईला त्यांच्या धर्मग्रंथातल्या ईयोबाची गोष्ट सांगितली. मीही ऐकली. चांगला, देवाला मानणारा माणूस. एकेक करून सगळं जातं. गुरंढोरं, घर, मुलं, शेवटी अंगभर फोड. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तोवर ते मित्र असतात. मग ते बोलायला लागतात. देव न्यायी आहे, त्या अर्थी तुझंच काहीतरी चुकलं असणार, आठवून बघ, कबूल कर. ईयोब म्हणतो, माझं चुकलेलं नाही. तो देवाशी भांडतो, त्याला जाब विचारतो. अखेरीस वावटळीतून देव बोलतो आणि त्या मित्रांवर रागावतो. माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला.

आजी इतकंच सांगून उठल्या. दारातून वळून आईला म्हणाल्या, "आपलंच चुकलं असं धरून बसू नकोस हो." त्यांना काही कळलं होतं का, की दुःखात असलेल्या कोणत्याही आईला त्या हेच म्हणाल्या असत्या, ते आता विचारायला कोणी नाही. पुढे त्यांचा मुलगा त्यांना इस्रायलला घेऊन गेला.

ती गोष्ट मी पुढे अनेकदा वाचली. वावटळीतल्या देवाने ईयोबाला जे उत्तर दिलं ते मला आजही पटत नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असं विचारणं म्हणजे ज्याची मुलं गेली त्याला त्याचं छोटेपण दाखवणं. पण मित्रांवरचा तो राग मला फार मोलाचा वाटतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे, त्याला न्यायी ठरवण्यासाठी एका जखमी माणसाला पापी ठरवणारे, हेच देवाविषयी चुकीचं बोलतात, असं एका धर्माच्या पवित्र ग्रंथातच लिहून ठेवलं आहे. देवाची कल्पना सदोष असू शकते, आणि भाविकांचीच असू शकते, हे नास्तिकांनी शोधून काढलेलं नाही.

मी स्वतः विशीत नास्तिक झालो. कॉलेजात, वादविवादात, मोठ्या आवेशाने. आई सोमवारी कोपिनेश्वराला जायला निघाली की मी तलावपाळीपर्यंत सोबत जायचो आणि बाहेर कट्ट्यावर बसायचो. ती आत त्या भल्या मोठ्या पिंडीपुढे उभी, मी बाहेर मासुंदा तलावाच्या पाण्याकडे बघत. मला वाटायचं, आमच्या दोघांमध्ये फार मोठं अंतर आहे. आज दिसतं की अंतर नव्हतंच. जो चुका मोजतो, मान मागतो, रागावून पोरं नेतो, त्याच देवाला ती भीत होती आणि त्यालाच मी नाकारत होतो. दुसऱ्या कोणत्या देवाची आम्हा दोघांनाही ओळख नव्हती.

आणि आईने ती चूक स्वतःच्या अंगावर का घेतली, हे मला कळायला ती जावी लागली. गाठ हातात घेऊन बसलो होतो तेव्हा लक्षात आलं. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर देवीने विनाकारण नेलं, नाहीतर माझ्या चुकीमुळे नेलं. विनाकारण म्हटलं असतं तर देवी गेली असती. मग सकाळी उठून दिवा कोणापुढे लावायचा, मागे राहिलेल्या माझ्यासाठी कोणाकडे मागायचं? देवी चांगली राहावी म्हणून आई वाईट झाली. तेहतीस वर्षं तिने देवीला पाठीशी घातलं. तिची देवाची कल्पना सदोष होती, असं मी म्हणतो तेव्हा त्या दोषाचं ओझं तिने एकटीने उचललं होतं हेही मला म्हणायला हवं. त्या कल्पनेत खोट होती. तिच्या मायेत नव्हती.

त्याच वर्षी भाद्रपदात आमच्या दीड दिवसाच्या गणपतीला गुरुजी मिळाले नाहीत. दरवर्षीचे गुरुजी आजारी, बाकीच्यांना घरं वाटून झालेली. मी पोथी घेऊन स्वतःच बसलो. आई असताना पूजा म्हणजे तिच्यासाठी बसायचं, गुरुजी सांगतील तिथे पळीभर पाणी सोडायचं. त्या दिवशी प्रत्येक ओळ मला वाचावी लागली. शाडूची मूर्ती, तिच्या हृदयाला दूर्वा लावून प्राणप्रतिष्ठा, मग सोळा उपचार. शेवटी आलं:

आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम्।
पूजां चैव न जानामि क्षम्यतां परमेश्वर॥

पन्नास वर्षं कानावर पडत आलेली ओळ. तुला बोलवावं कसं ते मला माहीत नाही, अर्चन कसं करावं माहीत नाही, पूजाही माहीत नाही, क्षमा कर. त्यापुढे मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं. मंत्र नाही, क्रिया नाही, भक्तीसुद्धा नाही, तरी जे झालं ते पुरं मानून घे. मी वाचता वाचता थांबलो. बायकोने समईत तेल घालता घालता विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. सगळं यथासांग करून झाल्यावर, यातलं मला काहीच येत नव्हतं, असं प्रत्येक घरात प्रत्येक पूजेनंतर माणूस बोलतो. आमच्या घरातही दरवर्षी बोलला गेला, आई मागे हात जोडून उभी असताना. संस्कृतातून बोलला गेला, म्हणून तिच्यापर्यंत पोचला नाही. गावच्या गाऱ्हाण्यात तर तिच्याच बोलीत असतं, चुकलामाकला पदरात घे म्हाराजा. ते तिला पाठ होतं. पण पाठ असलेलं आणि भिनलेलं, यांत अंतर असतं.

खारकर आळीतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांना मी हे तलावपाळीवर भेटले तेव्हा सांगितलं. त्यांनी मला आणखी एक श्लोक ऐकवला, व्यासांच्या नावावर सांगितला जातो तो. त्यात देवापुढे तीन अपराधांची कबुली आहे. तुला रूप नाही आणि मी ध्यानात तुला रूप दिलं. तू शब्दांत सापडत नाहीस आणि मी स्तुती करून तुला शब्दांत बसवलं. तू सगळीकडे आहेस आणि मी तीर्थयात्रा करून तू तिथेच आहेस असं दाखवलं. माझ्या अपुरेपणाचे हे तीन दोष पोटात घाल. विकलता असा शब्द आहे त्यात. ध्यान, स्तोत्र, यात्रा, धर्माचा सगळा डोलारा ज्या तीन खांबांवर उभा आहे त्या तिन्हींना एका भक्ताने अपराध म्हटलं आहे, आणि ते न सोडता म्हटलं आहे.

तेव्हापासून मी एवढं धरून आहे. देवाची आपली कल्पना अपुरी असणारच, त्याचं मला काही वाटत नाही. देवाला सोंड असो, चार हात असोत, थंडीत कोणी शाल घालो, दुपारी पडदा ओढून निजवो. हे दोष कोणाला इजा करत नाहीत, उलट त्यातून माणूस माया करायला शिकतो. मला भीती वाटते ती दुसऱ्या दोषाची. आपण देवाला रूप आपलं दिलं ते ठीक, पण मनही आपलंच दिलं, आणि तेही आपल्यातल्या कोत्यात कोत्या माणसाचं. चाळीत एखाद्या शेजाऱ्याने तारीख चुकली म्हणून आजारी पोराचं औषध अडवलं असतं, तर त्याच्याशी आम्ही जन्मभर बोललो नसतो. जे शेजाऱ्याला माफ केलं नसतं ते आम्ही देवाच्या नावावर खपवून घेतलं, आणि वर त्याला कृपाळू म्हटलं. कल्पना खोटी की खरी हे मला ठरवता येत नाही. ती घेऊन चौदा वर्षांच्या मुलाच्या उशाशी बसता येतं का, आणि बसल्यावर त्याच्या आईकडे बघता येतं का, एवढं मात्र बघता येतं.

त्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूर्ती घेऊन तलावपाळीवर गेलो. महापालिकेच्या कृत्रिम हौदापाशी रांग होती. आमच्या पुढे एक बाप कडेवर मुलगी घेऊन उभा होता आणि ती मूर्तीचा कान धरून हळू आवाजात काहीतरी सांगत होती. आमची पाळी आली, स्वयंसेवकाने मूर्ती घेतली, तीनदा बुडवली, सोडली. शाडू लगेच विरघळत नाही. थोडा वेळ पाण्यातून मुकुटाची लाली दिसत राहिली. गाठ माझ्या खिशात होती. तीही सोडून द्यावी असं मनात आलं होतं, पण हात गेला नाही. ती गणपतीची नव्हती.

गावच्या सातेरीचं गुरवपण फिरत्या पाळीने येतं. त्यातल्या एका घरातला मुलगा ठाण्यातच असतो, वागळे इस्टेटीत नोकरी करतो, आणि त्याची पाळी आली की रजा टाकून गावाला जातो. २०२० च्या फेब्रुवारीत तो आमच्याकडे आला, शिमग्याला जाण्याआधी. चहा झाला. मी गाठ त्याच्यापुढे ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. न फिटलेल्या नवसाचं काय करायचं असतं, एवढंच मला विचारायचं होतं.

त्याने फडकं उलगडलं. सुपारी बोटांत धरून दाबली तशी तिचा भुगा झाला. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "कार्ड येवच्या आदी गाठ मारल्यान मां काकीन?"

हो, चार दिवस आधी, मी म्हटलं.

"मग सुतक खंयचा? आयकल्याशिवाय सुतक लागणा नाय."

मी काही बोललो नाही. घरात आईची पंचांगं होती. तो गेल्यावर मी ती काढून पाहिली. अशौचाच्या पानावर तेच छापलेलं होतं, दहा दिवसांच्या आत कळलं तर कळल्यापासून उरलेले दिवस पाळावे. त्याच खणात, गाठीपासून वीतभर अंतरावर, इतकी वर्षं.

पण ते नंतर. तेव्हा तो दोन्ही नाणी तळहातावर घेऊन बसला होता. चार आणे त्याने उलटसुलट करून पाहिले, शर्टाच्या वरच्या खिशात घातले आणि बटण लावलं. मग त्याने विचारलं, "काकीन कोणाक इचारल्यान नाय?"